चार पोट्टे, विकलेला बैल आणि ‘यात ऍडव्हेंचर कुठं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, इथं थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं एक गाव, बारा-तेरा वर्षांचे चार पोट्टे, त्यातल्या एकाच्या बापानं घरचा बैल विकला, आणि पोळ्याच्या तोंडावर हे चौघं घरी न सांगता तीसेक किलोमीटर चालत तो बैल पाहायला निघतात. ‘स्टँड बाय मी’ पाहून तुम्हाला हे सुचलं. पण मित्र म्हणून राहिले की यात ऍडव्हेंचर कुठं आहे, वाघ टाक, गोंडराजाचा खजिना टाक, शकुंतला नावाच्या जुन्या रेल्वेच्या पुलावर मागून गाडी येते आणि पोट्टे पळतात असं काही टाक. आणि तुम्ही विचारता की काय काय टाकू.

काहीच टाकू नका. बैल पुरे आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, पोरांचं कास्टिंग आणि वर्कशॉप हेच माझं काम आहे, गावोगावच्या शाळांमधून पोरं शोधायची, त्यांना तयार करायचं आणि शूटिंगच्या वेळी त्यांच्या बाजूला बसायचं, तर या कामातून जे दिसलं त्यावरून सांगतो. अशा सिनेमात ऍडव्हेंचर लागतं ते पोरांना घराबाहेर काढायला आणि दोन दिवस एकत्र चालवायला, बस्स. प्रेक्षक पाहतो ते चालता चालता ही पोरं एकमेकांना काय सांगतात आणि काय लपवतात.

तुमच्या आवडत्या सिनेमातच मोजून पहा. १९८६ चा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक रॉब रायनर, मूळ गोष्ट स्टीफन किंगची, ‘द बॉडी’ नावाची १९८२ मधली दीर्घकथा. जेमतेम दीड तासाचा सिनेमा, आणि त्यात घडतं काय? १९५९ सालचा सप्टेंबर उगवतो आहे, शाळा सुरू व्हायला दोन-तीन दिवस, चार पोरांना कळतं की हरवलेल्या एका मुलाचं प्रेत दूर रेल्वे रुळाजवळ पडलंय, आणि ते पाहायला निघतात. वाटेत भंगारवाल्याचा कुत्रा मागं लागतो, पुलावर गाडी येते, एक रात्र रानात जाते, डबक्यात जळवा चिकटतात, आणि शेवटी प्रेताजवळ मोठ्या पोरांची टोळी आडवी येते. एवढंच. यातला कुत्रा तर नीट पहा, त्याच्याबद्दल गावभर अफवा, नाव घेतलं तरी पोरं घाबरतात, आणि प्रत्यक्षात समोर येतो तो साधा कुत्रा. भीती अफवेनं तयार केली, कुत्र्यावर खर्च काहीच नाही. आपल्याकडं तर अशा अफवांना तोटा नाही, त्या वळणावरच्या चिंचेखाली चकवा लागतो, माणूस रातभर त्याच वावरात फिरत राहतो, हे आजीनं सांगितलेलं असतं आणि प्रत्येक पोट्ट्याला त्या माणसाचं नावही माहीत असतं. तुम्हाला चकवा दाखवायचा नाहीच, फक्त त्या चिंचेजवळून जाताना चौघांचा आवाज कसा वाढतो, कोण मधे घुसतो, कोण मुद्दाम मागं राहतो, तेवढं दाखवा.

वाघ तर अजिबात नको. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे, २०१८ मध्ये राळेगाव भागात अवनी वाघिणीवरून काय काय झालं ते सगळ्यांना आठवतं, पण वाघ फ्रेममध्ये आला की सिनेमा वाघाचा होतो, पोरं कडेला जातात, आणि आपल्या भागात वाघ ही लोकांच्या जिवाची गोष्ट आहे, ती पोरांच्या सहलीत मसाला म्हणून वापरू नये असं मला मनापासून वाटतं. खजिन्याबद्दल बोलायलाच नको, सोनं सापडो न सापडो, शेवट आधीच कळतो.

आता बैलाकडं येतो, कारण तिथं तुमच्या हाताला जे लागलंय ते तुम्हालाच पूर्ण दिसलेलं नाही.

त्या सिनेमातल्या पोरांना प्रेत पाहायचंय कारण त्यांनी ते कधी पाहिलेलं नाही. तिथं मौत घरातून बाहेर नेऊन ठेवलेली असते. आपल्या गावात तसं नाही, मौत झाली की अंगणात लोक जमतात, पोट्टे तिथंच दाराशी उभे असतात, आणि यवतमाळ जिल्ह्यात कास्तकाराच्या घरची मौत म्हणजे काय असते हे बारा वर्षांच्या पोराला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तुम्ही प्रेताच्या जागी बैल घेतला ते फार बरोबर केलं. त्यांना जे पाहायला मिळत नाही ते हे, की विकून टाकलेल्या जिवाचं पुढं काय होतं. बाजारातून बैल गेला की गेला, घरात त्याचं नाव काढत नाहीत, बाप तर मुळीच नाही.

पण ‘पाहायला जातात’ हे ढिलं आहे. पाहून काय करणार? त्यांना तिथं करायचं असं एक काम द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात आणि कानात सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ घराघरात चालतं हे, आणि बरेचदा सांगायचा मान पोराचा असतो. तर तुमच्या पोट्ट्याला आवतन द्यायचं राहून गेलंय. दरवर्षी तो देतो, यंदा गोठा रिकामा. त्याला जाऊन त्या बैलाच्या कानात एवढंच म्हणायचंय. हे कारण मोठ्या माणसाला सांगण्यासारखं नाही, म्हणून घरी न सांगता निघावं लागतं, आणि दोस्त आधी हसतील पण येतील, कारण चौघांनीही त्या बैलाच्या पाठीवर बसून नाल्यात आंघोळी केल्या आहेत. वेळेची दोरीही आपोआप आवळली, खांदशेकणीच्या संध्याकाळच्या आत पोहोचलं पाहिजे. तिकडच्या सिनेमात शाळा उघडायच्या आधीचे दोन दिवस आहेत, लेबर डेचा जोडसुट्टीचा काळ, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, आणि आपला पोळाही साधारण त्याच दिवसांत येतो, श्रावण अमावास्येला. ऋतू बदलायचे दिवस दोन्हीकडं तेच.

दुसरी दोरी हवी ती दोस्ती तुटण्याची. तिथं पोरं नव्या शाळेत जाणार, त्यातल्या गॉर्डीची (मोठेपणी ही गोष्ट सांगणारा तोच) हुशार पोरांच्या वर्गात जागा ठरलेली आणि बाकीच्यांची कारखान्याच्या कामाच्या वर्गात, हे चौघांनाही कळतंय. आपल्याकडं हे जास्त कठोर आहे. गावातली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत, पुढं एक तालुक्याला मामाकडं जाणार, एक आश्रमशाळेत, एकाचं शिक्षण थांबणार, आणि एक दिवाळीआधी आईबापासोबत ऊसतोडीला निघणार. हे संवादात सांगू नका. एकाच्या पाठीवर नवं दप्तर आहे आणि दुसऱ्यानं जुनं दप्तर भाकरी बांधायला आणलंय, झालं.

आता सगळ्यात मोठं काम, ज्याच्याकडं नवे लोक पाहतच नाहीत. स्क्रिप्टचा पहिला सीन लिहायच्या आधी चार घरं लिहून काढा. गोष्टीचं एक अक्षर नको. फक्त घर. सकाळी पहिलं कोण उठतं, पैसे कुठं ठेवतात, बाप बोलतो की आई बोलते, पोराला मार कशावरून पडतो, रात्री कोण कुठं झोपतं. ‘स्टँड बाय मी’ त्या चार घरांवर उभा आहे. गॉर्डीचा मोठा भाऊ एप्रिलमध्ये जीप अपघातात गेलाय आणि आईबापाला हा उरलेला पोरगा दिसतच नाही. दुसरा टेडी, त्याच्या बापानं त्याचा कान स्टोव्हवर भाजलाय, तरी तोच बाप युद्धात लढला म्हणून त्याला अभिमान, आणि भंगारवाला त्या बापाला वेडा म्हणतो तेव्हा हा पोरगा कुंपणावर चढून जीव घ्यायला निघतो. त्या सीनवर मी वर्कशॉपमध्ये कितीतरी वेळ घालवतो, कारण पोरांना तो लगेच कळतो, मोठ्यांना समजावून सांगावा लागतो. बाप दारू पितो, मारतो, तरी बाहेरच्यानं बापाला शिवी दिली की पोट्ट्याचं डोकं फिरतं. आपल्या गावात हे घराघरात आहे.

आणि तिसरा क्रिस. गावाच्या नजरेत वाया गेलेल्या खानदानातला. शाळेत दुधाचे पैसे चोरीला जातात, त्यानं घेतलेले असतात हे खरं, पण तो ते बाईंकडं परत नेऊन देतो, आणि बाई त्या पैशात स्वतःला नवा स्कर्ट घेतात, शिक्षा मात्र पोराला. तो कुठं दाद मागणार? त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? रात्री शेकोटीजवळ तो हे सांगता सांगता रडतो. भाऊ, आपल्या भागात हा पोरगा कुठं राहतो हे तुम्हाला आणि मला चांगलं माहीत आहे. तो पारधी बेड्यावर असतो, गावकुसाबाहेरच्या वस्तीत असतो. शाळेतून कंपासपेटी गेली की मास्तरची मान पहिली कोणत्या बेंचकडं वळते ते आपण पाहिलेलं आहे. तुमच्या चौघांत असा एक असणारच, नसेल तर गाव खोटं वाटेल. फक्त त्याला समाजाचा नमुना म्हणून उभा करू नका, त्यालाही गोफण सगळ्यात चांगली मारता येते, त्यालाही अंधाराची भीती वाटते, तो खोटंही बोलतो. जात दाखवायची तर एका तांब्यात दाखवा, चौघं कुणाच्या तरी वावरात पाणी मागतात, त्या घरची बाई तिघांना तांब्या देते आणि चौथ्याला ओंजळ धरायला सांगते, आणि बाकीचे तिघं काय करतात? त्या वयात बरेचदा काहीच करत नाहीत. पुढचा अर्धा किलोमीटर कुणी बोलत नाही. तो सीन वाघापेक्षा मोठा आहे.

कोण काय सोबत आणतं यावरही वेळ द्या. तिथं खायला कुणीच काही आणलेलं नाही, क्रिस बापाचं पिस्तूल आणतो, आणि चौथा पोरगा व्हर्न कंगवा आणतो, कारण प्रेत सापडलं की टीव्हीवर दिसू, केस नीट पाहिजेत. एका कंगव्यात आख्खा पोरगा कळला. तुमच्या चौघांचं तुम्ही ठरवा, पण प्रत्येकाची एकच वस्तू ठेवा आणि ती त्याच्या घरातून आलेली असावी. बैलवाल्या पोट्ट्यानं पितळी घुंगरमाळ आणली असेल, ती विकली नाही, खुंटीवरच राहिली, आणि चालताना ती पिशवीत वाजू नये म्हणून त्यानं आपल्या बनियनमध्ये गुंडाळली आहे, असं काहीसं.

मोबाइलचा प्रश्न येईलच. घरात एकच फोन, तो बापाजवळ, विषय संपला.

आता पोरं कशी शोधायची आणि तयार कशी करायची, हे माझं रोजचं आहे म्हणून जरा सविस्तर. रायनरनं शूटिंगआधी दोन आठवडे चौघांना एकत्र ठेवून व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेचे नाट्यखेळ खेळवले, एकमेकांचा आरसा व्हायचं, डोळे बांधून दुसऱ्याच्या भरवशावर चालायचं, असे. डायलॉग पाठ करणं वेगळं. या खेळांतून ते चौघं खरंच दोस्त झाले, आणि तेच पडद्यावर दिसतं. शिवाय जो पोरगा स्वभावानं जसा होता तसंच पात्र त्याला दिलं. व्हर्न झालेला, सगळ्यात लहान जेरी ओकॉनेल ११ वर्षांचा होता, आणि तो चौघांत धाकटा आहे हे प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं. तुम्हीही तेच करा. ऑडिशन घेऊ नका, ऑडिशन म्हटलं की आई पोराला पावडर लावून आणते आणि पोरगा रिअॅलिटी शोसारखा बोलायला लागतो. शाळा सुटल्यावर क्रिकेट चाललं असतं तिथं जाऊन बसा. बॅट कुणाची आहे, आउट असून कोण मानत नाही, कुणाला कायम बॉल आणायला पळवतात, ते पहा. तुमचे चौघं तिथं आहेत. जमलं तर आधीच दोस्त असलेले दोघं घ्या आणि दोघं नवे, म्हणजे आतले-बाहेरचे हा ताण तुम्हाला फुकट मिळतो.

मी एकदा एका शाळेच्या वऱ्हांड्यात वर्कशॉप घेत होतो, एक सातवीतला पोरगा, डोळे फार बोलके, पण ‘तुझी गाय मेली आहे, तू दुःखी आहेस’ असं म्हटलं की कपाळाला आठ्या घालून मालिकेतल्यासारखा तोंड वाकडं करायचा. मग मी त्याच्या हातात अंबाडीचा वाक दिला आणि म्हटलं दोर वळून दाखव, मला येत नाही. त्यानं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, दोन पदर तळहातावर घासत वळायला लागला, आणि मी दुसऱ्याच पोराशी बोलतोय असं दाखवत विचारलं की तुमच्या घरी गाय होती ना रे? मान वर न करता तो सांगत गेला, कशी आजारी पडली, डॉक्टर आले नाहीत, माय रात्रभर बसली होती, आणि मधेच दोर सुटला तर ‘थांबा’ म्हणून परत पीळ घातला आणि पुढं बोलला. त्या ‘थांबा’मध्ये जे होतं ते कुठल्याच डायलॉगमध्ये लिहिता येत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, पोराच्या हाताला काम द्या. काडीनं चिखल खरवडायचा, शेंगा सोलायच्या, चपलेचा अंगठा बांधायचा. पोळ्याच्या दिवसात काळी माती ओली असते, चपलेला चिकटून चिकटून एकेक पाय शेरभर जड होतो, दर दहा पावलांवर थांबून चप्पल झाडावी लागते, हे तुम्हाला वेगळं रचावं लागणारच नाही.

भाषेबद्दल एकच सांगतो, लिहिलेले डायलॉग पोरांना देऊ नका. सीन सांगा आणि त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही लिहाल ‘तू घरी काय सांगून आलास?’ आणि तो म्हणेल ‘काहून बे, घरी काय सांगतलं?’ ‘मामाच्या गावाले चाल्लो म्हनलं.’ हे कानाला लगेच खरं वाटतं. आणि तांड्यावरचा पोरगा असेल तर तो घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा बोलतो, रागावला की तीच तोंडात येईल, येऊ द्या, खाली पाटी देता येते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळेल की नाही या काळजीनं वऱ्हाडी पातळ करू नका, त्यानं आपल्या भागातले कितीतरी सिनेमे बेचव झालेत.

रडण्याचा सीन. शेकोटीच्या सीनसाठी रायनरनं क्रिस झालेल्या रिव्हर फिनिक्सला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुला एखाद्या मोठ्या माणसानं दुखावलं असेल तो प्रसंग आठव, मला सांगू नकोस. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पोरानं काय आठवलं ते विचारायचं नाही, सेटवर कधीच नाही, आणि सीन झाल्यावर त्याला एकटा सोडायचा नाही. उलट पुलाच्या सीनमध्ये पोरं पुरेशी घाबरत नव्हती म्हणून त्याच दिग्दर्शकानं त्यांच्यावर ओरडून त्यांना रडवलं, हेही प्रसिद्ध आहे, आणि ते मला पटत नाही. तो मोठा दिग्दर्शक, सिनेमा मला जीव की प्राण, तरी पटत नाही. गावातल्या पोराला तुमचं ओरडणं नाटक वाटणार नाही, शहरातला साहेब आपल्यावर चिडला एवढंच त्याला कळेल, आणि दुसऱ्या दिवशी तो येणार नाही.

पुलाचाच विषय निघाला म्हणून. तो सीन पाहताना गाडी पोरांच्या पाठीला टेकली असं वाटतं, प्रत्यक्षात गाडी बरीच मागं होती, लांब फोकल लेन्थच्या लेन्सनं दूरून शूट केलं की मधलं अंतर दबून जातं आणि दोन्ही गोष्टी चिकटून दिसतात, शिवाय जोखमीच्या शॉटला स्टंटवाले होते. शकुंतलेचा तुम्हाला मोह झालाय ते समजू शकतो. अडीच फुटी अरुंद रूळ, इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेला मूर्तिजापूर-यवतमाळचा फाटा, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, आपल्या आज्यांनी त्यातून प्रवास केलेला. पण आता गाडी बंद आहे, रूळ कुठं गवतात गेलेत, तिथं मागून गाडी येणं खोटं होईल, आणि जागा रेल्वेची आहे, परवानगीशिवाय कॅमेरा नेऊ नका. पोरं रुळावरून चालतात एवढं ठेवा हवं तर, गाडी न येणाऱ्या रुळावरही एक जण कान लावून बघतोच.

धोका आपला वेगळा आहे, नाला. इथं ऊन पडलंय, वर डोंगराकडं पाऊस झालाय, आणि पाच मिनिटांत घोट्याएवढं पाणी छातीला येतं. हे प्रत्येक गावानं पाहिलंय. शूट करताना तीच लेन्सची युक्ती वापरा. पोरं अलीकडच्या कोरड्या गोट्यांवर किंवा घोट्याएवढ्या साचलेल्या पाण्यात, पुराचं पाणी त्यांच्या मागं चांगलं दूर, आणि कॅमेरा इकडं लांब मागं घेऊन मोठी लेन्स लावा, पाणी पाठीशी आल्यासारखं दिसेल. पुराचे सुटे शॉट पुलावरून आधीच घेऊन ठेवा. आवाज वाढवा, पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं पाहिजे. वाहत्या पाण्यात पोरगा उतरवायचा नाही, पोहता येत असलं तरी नाही, गावचे लोक ‘अरे काही होत नाही’ म्हणतील तरी नाही. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट हीही आपल्या भागातली खरी भीती आहे, संध्याकाळी धुऱ्यावरून जाताना पोरं तारेकडं पाहून उड्या मारतात, पण तो सीन घेतलात तर तार तुमची स्वतःची, सुताची रंगवलेली, दुसरी कोणतीच नाही.

आणि मोठी पोरं. तिथं एस नावाच्या मोठ्या पोराची टोळी आहे, त्यात क्रिसचा आणि व्हर्नचा सख्खा भाऊ. म्हणजे पोरांना जे आडवे येतात ते घरचेच, दहा वर्षांनी हेही तसेच होऊ शकतात. आपल्याकडं रात्री नदीतून रेतीचे ट्रॅक्टर निघतात, त्यावर बसलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, त्यातला एक तुमच्या पोट्ट्याचा भाऊ. हा व्हिलन नाही, तो घर चालवतोय, आणि त्याला धाकट्यानं रात्री इथं पाहिलं हे परवडणारं नाही. एवढं पुरे.

कायद्याचं झटपट सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. चौदा वर्षांखालच्या पोराला कलाकार म्हणून घेता येतं, पण २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांवर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस, शाळा बुडू द्यायची नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के पोराच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत. माझा अनुभव असा की हे आईबापाला पहिल्याच भेटीत सांगितलं की त्यांचा भरवसा बसतो. बैलासाठी भारतीय पशु कल्याण मंडळाकडं शूटिंगच्या आधी लेखी विचारून परवानगी घ्या, नाहीतर सेन्सॉर सर्टिफिकेटच्या वेळी अडकाल. रात्रीची शेकोटी दिवेलागणीच्या निळ्या उजेडात उरकता येते, पोरांना मध्यरात्रीपर्यंत जागवायची गरज नाही.

एक सीन राहिला, आणि माझ्या मते सिनेमाचा जीव तिथं आहे. सकाळी बाकीचे झोपलेत, गॉर्डी एकटा रुळावर बसलाय, एक हरीण येतं, त्याच्याकडं पाहतं आणि जातं. तो उठून दोस्तांना सांगत नाही. मोठा झाल्यावरही कुणाला सांगितलेलं नसतं. दोन दिवस सगळं वाटून घेणाऱ्या पोरांत एक गोष्ट एकाची एकट्याची राहते, तिथं तो थोडा मोठा झाला. याची नक्कल करून रोही किंवा मोर आणू नका. तुमच्या चौघांपैकी कोण काय पाहतो आणि सांगत नाही, ते शोधा. कदाचित पहाटे त्याला दूर रस्त्यावर आपला बाप सायकलवर दिसतो, शोधत निघालेला, आणि तो हाक मारत नाही, तुरीच्या आड खाली बसतो.

मोठेपणीचा निवेदक ठेवायचा का असं तुम्ही विचारलंय. त्या सिनेमात तो चालतो कारण त्याला आज बोलायचं कारण आहे, क्रिस वकील झाला होता आणि हॉटेलातलं भांडण सोडवताना भोसकला गेला, ती बातमी पेपरात वाचून हा माणूस बोलतो. तुमच्याकडं असं काही कारण नसेल तर ‘ते दिवस किती छान होते’ म्हणणारा आवाज काढून टाका. आपल्याकडं गावाच्या आठवणी गोड करायची फार सवय आहे, आणि त्या गोडीत तांब्याचा सीन पहिला कापला जातो.

शेवटाबद्दल माझं मत असं. तिथं पोरं नाव कमवायला निघतात आणि प्रेत सापडल्यावर कुणालाच ते नाव नको होतं, निनावी फोन करून कळवतात आणि घरी जातात. तुमचे चौघं संध्याकाळी पोहोचले तर त्या घरी बैल आधीच धुतलेला, खांद शेकून झालेली, आणि त्यांच्याच वयाचा तिथला एक पोरगा बैलाच्या कानाशी वाकून आवतन देतो आहे. आता तुमच्या पोट्ट्यानं काय करायचं? मला उत्तर माहीत नाही आणि तुम्हीही आत्ता लिहू नका. वर्कशॉपमध्ये तो पोरगा घ्या, समोर दुसरा पोरगा आणि एक खरा बैल ठेवा, आणि काय करतो ते बघा. घुंगरमाळ देऊन टाकेल, की लपवेल, की भांडेल, तो जे करेल ते तुमच्या आणि माझ्या लिहिण्यापेक्षा बरं असेल.

पोळा वर्षातून एकदाच येतो, तर यंदाच्या पोळ्याला कथा शूट करायची घाई करू नका. यंदा फक्त तोरणाखालची गर्दी, पोळ्यात म्हणतात त्या झडत्या, सजलेल्या बैलजोड्या, दारात लावलेल्या पळसाच्या मेढ्या एवढं शूट करून ठेवा आणि आवाज वेगळा नीट रेकॉर्ड करा. तोवर चार घरं लिहून काढा, प्रत्येकाचं दोन-तीन पानं, आणि मला पाठवा, मी वाचतो.